ढाल दिसत नाही म्हणजे पहारा उठला का?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत: संगणक सुरू होतो, पण अँटिव्हायरस आपोआप सुरू होत नाही. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. तुमच्या अँटिव्हायरसच्या मेनूत नावं थोडी वेगळी असतील, पण शोधायची जागा तीच.

प्रश्न : मी एका कर सल्लागारांकडे हिशेबाचं काम करते. ऑफिसच्या पीसीवर विकत घेतलेला अँटिव्हायरस आहे. रोज सकाळी पीसी सुरू केला की ‘तुमचा संगणक असुरक्षित आहे’ अशी सूचना येते. डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबल क्लिक केलं की तो उघडतो, हिरवी खूण येते आणि संध्याकाळपर्यंत काही तक्रार नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ऑफिसातले सगळे म्हणतात, फॉरमॅट मारून टाका. मारू का?

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. डबल क्लिक केल्यावर तो चालू होतो आणि दिवसभर टिकतो, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. प्रोग्रॅमच्या फाइली शाबूत आहेत, लायसन्स चालू आहे. बिघाड फक्त सकाळच्या सुरुवातीत आहे.

अँटिव्हायरस हा एकच प्रोग्रॅम नसतो. एक भाग असतो ड्रायव्हर. तो विंडोजबरोबरच लोड होतो आणि उघडली जाणारी प्रत्येक फाइल तपासायला देतो. दुसरा भाग सर्व्हिस. ती पडद्याआड चालते आणि खरी तपासणी तीच करते. तिसरा भाग म्हणजे खिडकी आणि घड्याळाशेजारचा आयकॉन. तो तुम्ही लॉगिन केल्यावर येतो. पहारेकऱ्याची टोपी दिसली नाही म्हणून पहारेकरी जागेवर नाही, असं नसतं. त्यामुळे यातलं नक्की काय सुरू होत नाही, हे आधी ठरवायचं.

उद्या सकाळी पीसी सुरू केल्यावर चार-पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. अँटिव्हायरसच्या आयकॉनलाही नाही. कारण विंडोजमध्ये काही सर्व्हिसेस मुद्दाम उशिरा सुरू होतात. त्यांच्यापुढे ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ असं लिहिलेलं असतं आणि बाकीच्या सुरू झाल्यावर साधारण १२० सेकंदांनी त्यांची पाळी येते. ‘अँटिव्हायरस चालू आहे की नाही’ याची नोंद ठेवणारी विंडोजची सिक्युरिटी सेंटर ही सर्व्हिसदेखील याच उशिराच्या यादीत आहे. पहिल्या दोन मिनिटांत दिसणाऱ्या सूचनेवर म्हणूनच लगेच विश्वास ठेवू नये. पाच मिनिटांनी स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करून उघडा आणि ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचं नाव आणि हिरवी खूण असेल, तर संरक्षण चालू आहे. फक्त आयकॉन येत नाही.

आयकॉनचं दुखणं सोपं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप’ची यादी बघा. तुमच्या अँटिव्हायरससमोर ‘डिसेबल्ड’ असेल, तर राइट क्लिक करून ‘इनेबल’ करा. हे बंद कुणी केलं असेल? या यादीत ‘स्टार्टअप इम्पॅक्ट : हाय’ असा एक रकाना असतो. पीसी हळू चालतो म्हणून कुणीतरी ‘हाय’ दिसेल ते सगळं बंद करून टाकतं. किंवा ‘स्पीड बूस्टर’, ‘क्लीनर’ अशा नावाचा एखादा प्रोग्रॅम हेच काम न विचारता करतो. असा प्रोग्रॅम पीसीवर असेल तर आधी तो काढा, नाहीतर आज इनेबल केलेलं उद्या पुन्हा डिसेबल झालेलं दिसेल. यादीत सगळं ठीक असेल तर घड्याळाशेजारचा छोटा बाण दाबून बघा. पुष्कळदा आयकॉन तिथे लपलेला असतो.

आता दुसरी शक्यता : पाच मिनिटांनंतरही विंडोज सिक्युरिटी लाल खूणच दाखवते. मग एक चाचणी करा. पीसी शटडाऊन करू नका, ‘रीस्टार्ट’ करा आणि पुन्हा बघा. तुम्ही रोज संध्याकाळी शटडाऊन करत असाल आणि सकाळी बटण दाबत असाल. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाऊन पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज तुमच्या खिडक्या बंद करतं, पण स्वतःचा गाभा आणि सर्व्हिसेसची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत मेमरीत आणतं. म्हणजे सर्व्हिस नव्याने सुरू होतच नाही. काल जशी होती तशी उठते. काल अँटिव्हायरसने स्वतःचा ड्रायव्हर अपडेट केला असेल आणि ‘रीस्टार्ट करा’ असं सांगितलं असेल, तर ते काम आठवडाभर शटडाऊन करूनही अर्धवटच राहतं. रीस्टार्टला हा शॉर्टकट वापरला जात नाही. तिथे सगळं मुळापासून सुरू होतं.

रीस्टार्टनंतर अँटिव्हायरस आपोआप आला आणि दुसऱ्या सकाळीही टिकला, तर अडकलेला अपडेटच कारण होता, प्रश्न मिटला. रीस्टार्टनंतर येतो पण सकाळी येत नाही, असं असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ, आणि खाली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. पीसी सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल. हिशेबाच्या पीसीसाठी तो वेळ मी आनंदाने देईन.

रीस्टार्टनंतरही येत नसेल, तर विंडोजची वही उघडायची. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, ‘इव्हेंट व्ह्यूअर’, ‘विंडोज लॉग्ज’, ‘सिस्टम’. पीसी सुरू झाल्याची वेळ शोधा आणि त्यानंतरच्या लाल खुणेच्या नोंदी वाचा. ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ या नावाने ७००९ क्रमांकाची नोंद असेल, तर ती उघडून बघा. आत तुमच्या अँटिव्हायरसच्या सर्व्हिसचं नाव असेल आणि ‘३०००० मिलिसेकंद वाट पाहिली’ अशा अर्थाचं वाक्य असेल. म्हणजे विंडोजने त्या सर्व्हिसला ३० सेकंद दिले, तेवढ्यात तिने प्रतिसाद दिला नाही, आणि विंडोजने तिचा नाद सोडला. त्याला लागूनच ७००० क्रमांकाची नोंद असते : सर्व्हिस सुरू होऊ शकली नाही. तुमच्या वर्णनावरून माझा सगळ्यात जास्त संशय यावरच आहे, कारण सकाळची गर्दी ओसरल्यावर हाताने उघडलं की तीच सर्व्हिस बिनतक्रार सुरू होते.

या नोंदी दिसल्या तर दोष अँटिव्हायरसचा नाही, सुरुवातीच्या गर्दीचा आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ऑफिसच्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क असते आणि लॉगिन होताच हिशेबाचं सॉफ्टवेअर, प्रिंटरची युटिलिटी, क्लाउड सिंक, दोन-तीन चॅटिंगची अ‍ॅप्स सगळी एकदम डिस्कवर तुटून पडतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर कितीतरी मिनिटं हलत नाही. अशा वेळी स्टार्टअपच्या यादीतून अँटिव्हायरस सोडून बाकीचं अनावश्यक ते बंद करा. शक्य असेल तर डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, टाका. हा एक बदल बाकी सगळ्या खटाटोपांपेक्षा जास्त काम करतो. इंटरनेटवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, जाऊन ही ३० सेकंदांची मर्यादा वाढवण्याचा उपाय सापडेल. तो चालतो, पण डिस्क मरायला टेकली असेल तर तिची शेवटची खूणही त्याने झाकली जाते. आधी डिस्क तपासा आणि हिशेबाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

सर्व्हिसची नोंद प्रत्यक्ष बघायची असेल, तर विंडोजचं बटण आणि आर दाबून ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ रोमन लिपीत टाइप करा. यादीत तुमच्या कंपनीच्या नावापुढे ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ असं असायला हवं. ‘मॅन्युअल’ असेल तर बदला. बदलायचा पर्याय करडा, दाबता न येणारा दिसला तर घाबरू नका. विंडोज ८.१ पासून अँटिव्हायरसच्या सर्व्हिसला खास संरक्षण मिळू शकतं, म्हणजे घुसलेल्या व्हायरसला ती बंद करता येऊ नये. तिथे जबरदस्ती करू नका. सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन अँटिव्हायरसचं ‘मॉडिफाय’ आणि मग ‘रिपेअर’ निवडा. ती सर्व्हिस तो स्वतः मूळ जागी बसवतो.

प्रश्न : आमच्याकडे पूर्वी प्रिंटर चालत नव्हता म्हणून एका तंत्रज्ञाला बोलावलं होतं. प्रिंटर चालू झाला, पण तेव्हापासून अँटिव्हायरस हाताने उघडूनही सुरू होत नाही. योगायोग असेल का?

उत्तर : मला तरी तो योगायोग वाटत नाही. दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या आड येत असतील तर शोधायची एक मान्य पद्धत आहे, क्लीन बूट. तुमच्या तंत्रज्ञाने बहुधा तीच वापरली असावी. ‘एमएसकॉन्फिग’ उघडायचं, सर्व्हिसेसच्या पानावर ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर खूण करायची आणि उरलेल्या सगळ्या बंद करायच्या. तुमचा अँटिव्हायरस मायक्रोसॉफ्टचा नसेल तर तोही त्या ‘उरलेल्या’त सापडतो. काम झाल्यावर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडून सगळं पूर्ववत करायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. एमएसकॉन्फिग उघडा, ‘जनरल’ पानावर ‘नॉर्मल स्टार्टअप’ निवडा, रीस्टार्ट करा. यापुढे कुणीही मशीनला हात लावून गेलं की निघण्यापूर्वी त्यांच्यासमोरच विंडोज सिक्युरिटी उघडून बघत जा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. लॅपटॉपबरोबर आलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली, म्हणून मी तो काढून टाकला. मला वाटलं विंडोजचा डिफेंडर आपोआप सुरू होईल. तो होत नाही. ‘ही सेटिंग तुमचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर सांभाळतो’ असं काहीतरी येतं. लॅपटॉप माझा एकट्याचा आहे!

उत्तर : सर, तुमची अपेक्षा बरोबर होती. डिफेंडर हा विंडोजबरोबरच येणारा अँटिव्हायरस. दुसरा अँटिव्हायरस विंडोजकडे आपली नोंद करतो तेव्हा डिफेंडर बाजूला होतो, आणि तो दुसरा निघून गेला की डिफेंडर स्वतःहून परत येतो. पण आधीचा प्रोग्रॅम पूर्ण निघाला नाही, त्याची नोंद किंवा ड्रायव्हर मागे राहिला, तर विंडोजला वाटतं तो अजून आहे. यासाठी नॉर्टन, मॅकॅफी, अव्हास्ट, कॅस्परस्की अशा कंपन्यांनी स्वतःची काढण्याची साधनं दिलेली आहेत. ती फक्त त्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या. साधन चालवा आणि रीस्टार्ट करा. पुष्कळ वेळा डिफेंडर तिथेच जागा होतो.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची ओळ मात्र मला अस्वस्थ करते. ऑफिसने दिलेला लॅपटॉप असता तर ती साहजिक होती. तिथे नियम खरोखरच वरून येतात आणि ऑफिसच्या आयटी विभागाला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. स्वतःच्या लॅपटॉपवर ती दिसली, तर कुठल्यातरी प्रोग्रॅमने डिफेंडर बंद करणारी पॉलिसी, म्हणजे तसा सक्तीचा नियम, लिहून ठेवली आहे. फुकटात मिळालेलं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हे त्याचं नेहमीचं कारण. इन्स्टॉल करताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना आली होती का, घरातल्या कुणी तसं काही टाकलं होतं का, हे शांतपणे विचारा. रागावू नका, नाहीतर खरं सांगणार नाहीत.

मग एक जागा नक्की बघा, जी बहुतेक लोक बघत नाहीत : विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, त्याच्या सेटिंग्जमध्ये अगदी खाली ‘एक्स्क्लूजन्स’. इथल्या फाइली आणि फोल्डर डिफेंडर तपासतच नाही. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपमध्ये या यादीत एकच नोंद होती : सी ड्राइव्ह, सगळाच्या सगळा. डिफेंडर चालू होता, हिरवी खूण होती आणि तपासायला त्याच्यासमोर काहीच नव्हतं. तुम्ही स्वतः न टाकलेली कुठलीही नोंद तिथे असेल तर काढून टाका. त्याच पानावर ‘टॅम्पर प्रोटेक्शन’ आहे, ते चालू करा. २०१९ पासून ही सोय विंडोज १० मध्ये आहे आणि डिफेंडरच्या सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रॅमला परस्पर बदलू देत नाही. ते सगळं क्रॅक सॉफ्टवेअर काढा आणि पुढच्या उत्तरात सांगितलेलं ऑफलाइन स्कॅन एकदा करा.

प्रश्न : मी कॉलेजात शिकते. अँटिव्हायरसवर क्लिक केलं की खिडकी क्षणभर दिसते आणि मिटते. पुन्हा इन्स्टॉल करायला गेले तर कंपनीची वेबसाइट उघडत नाही. दुसऱ्या अँटिव्हायरसचीही उघडत नाही. बाकी सगळं इंटरनेट चालतं.

उत्तर : हे पत्र मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं. ही साधी तांत्रिक अडचण दिसत नाही. नेट चालतं आणि फक्त अँटिव्हायरसच्या साइट उघडत नाहीत, हे मालवेअरचं, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमचं, जुनं लक्षण आहे. २००८ मध्ये पसरलेल्या कॉनफिकर या वर्मने (एका मशीनवरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरणाऱ्या मालवेअरने) हेच केलं होतं : विंडोज अपडेट, सिक्युरिटी सेंटर आणि डिफेंडरच्या सर्व्हिसेस बंद करायच्या आणि सुरक्षा कंपन्यांच्या वेबसाइटची वाट अडवायची.

आधी वायफाय बंद कर, केबल असेल तर काढ. या लॅपटॉपवरून बँकेत, मेलमध्ये लॉगिन करू नकोस. पासवर्ड बदलायचे आहेतच, पण ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. मग विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ निवड. उघडलेल्या फाइली आधी सेव्ह कर, कारण लॅपटॉप लगेच रीस्टार्ट होतो. हे स्कॅन नेहमीचं विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे तिथे त्या मालवेअरला लपायला आणि अँटिव्हायरस बंद पाडायला वाव राहत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज सिक्युरिटीच उघडत नसेल, तर एखाद्या ओळखीच्या जाणकाराकडून दुसऱ्या मशीनवर बनवलेल्या रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून (त्यावरूनच लॅपटॉप सुरू करून) तपासून घे.

एवढं करूनही साइट उघडत नसतील किंवा खिडकी मिटत असेल, तर वर ताईंना ‘नको’ म्हटलेलं फॉरमॅट तुझ्या बाबतीत मी सुचवेन. फक्त प्रोजेक्ट, फोटो, नोट्स एवढ्याचीच प्रत घे. प्रोग्रॅम आणि त्यांचे सेटअप सोबत घेऊ नकोस. ते पुन्हा मूळ ठिकाणाहून उतरव.

प्रश्न : जास्त सुरक्षेसाठी मी दोन अँटिव्हायरस टाकले आहेत. कधी एक सुरू होतो, कधी दुसरा.

उत्तर : एक काढा. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, एकमेकांच्या कामाला संशयास्पद समजतात आणि मशीन अडकतं. अधूनमधून हाताने चालवायचा स्कॅनर वेगळा ठेवायला हरकत नाही. सतत चालणारा एकच हवा.

प्रश्न : लायसन्सचे पैसे भरलेले असूनही अँटिव्हायरस सुरू होताना मुदतीबद्दल तक्रार करतो. डेस्कटॉप जुना आहे.

उत्तर : पीसी सुरू झाल्यावर तारीख बघा. ती काही वर्षं मागची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो. तारीख चुकली की लायसन्स आणि अपडेट दोन्हींचा हिशेब चुकतो. सेल बदला, तारीख लावा.

प्रश्न : फोनवरचं सिक्युरिटी अ‍ॅप फोन बंद करून चालू केला की जागं होत नाही.

उत्तर : अँड्रॉइडमध्ये एखादं अ‍ॅप ‘फोर्स स्टॉप’ केलं, की तुम्ही स्वतः ते उघडेपर्यंत फोन सुरू झाल्याची खबर त्याला मिळत नाही. त्यामुळे ते आधी एकदा हाताने उघडा. मग त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. अनेक फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची वेगळी परवानगीही असते, ती द्या. गूगलचं प्ले प्रोटेक्ट प्ले स्टोअरच्या मेनूत आहे, ते चालू आहे ना, तेही बघून घ्या.

प्रश्न : सगळीकडे हिरवी खूण आहे. तरी अँटिव्हायरस खरंच काम करतोय, याची खात्री कशी करायची? खरा व्हायरस टाकून बघायचा का?

उत्तर : खरा व्हायरस कधीच नको. यासाठी आयकार नावाच्या संस्थेची एक चाचणी फाइल आहे. ती व्हायरस नाही. ६८ अक्षरांचा मजकूर आहे, आणि तो व्हायरस असल्यासारखा पकडायचा असं अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवून घेतलं आहे. आयकारच्या वेबसाइटवर ती मिळते. मजकूर नोटपॅडमध्ये जसाच्या तसा चिकटवून सेव्ह करा. संरक्षण जागं असेल तर सेव्ह करताना किंवा ती फाइल उघडायला जाताना सूचना येते आणि फाइल क्वारंटाइनमध्ये, म्हणजे पकडलेल्या फाइलींच्या बंदिस्त जागेत, जाते. काहीच घडलं नाही, तर हिरव्या खुणेवर विसंबू नका. वरच्या पहिल्या उत्तरातल्या क्रमाने तपासायला लागा. ऑफिसच्या मशीनवर ही चाचणी करायची असेल तर आयटी विभागाला आधी कळवा, कारण तिची सूचना त्यांच्याकडेही जाते. चाचणी संपली की क्वारंटाइनच्या यादीतून ती नोंद डिलीट करा.